फोन वाजतोय, उचलत कुणी नाही: सोलापुरातल्या एका प्रसूतिगृहाची लँडलाइन तांब्यावरून फायबरवर

सोलापुरात रेल्वे लाइन्स भागात एक जुनं प्रसूतिगृह आहे. सोळा खाटा, तीन मजले, एक ऑपरेशन थिएटर, खाली औषधाचं दुकान. मोठ्या डॉक्टरांनी सुरू केलेलं, आता त्यांच्या सूनबाई चालवतात. त्यांना सगळे मॅडमच म्हणतात. पेशंट नुसते शहरातले नाहीत. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, तुळजापूर हे तर झालंच, पण हद्दीपलीकडून इंडी, आळंद, विजयपूर, कलबुर्गीकडूनही बाळंतिणी येतात. सोलापूरच्या दवाखान्यांचं हे नेहमीचंच आहे. म्हणून रिसेप्शनवरच्या ताईंना मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी चारही भाषा येतात, आणि समोरच्याच्या पहिल्या ‘हॅलो’वरून पुढे कोणती बोलायची ते त्या ठरवतात.

इथला लँडलाइन नंबर सहा आकडी होता तेव्हापासून तोच आहे. मधे सगळ्यांच्या नंबरापुढे २ लागला, तेवढाच बदल. केसपेपरवर, फाइलवर, लसीकरणाच्या कार्डावर तोच छापलेला. आईच्या बाळंतपणाची फाइल ट्रंकेत जपून ठेवलेली असते आणि पंचवीस वर्षांनी लेकीचे दिवस भरत आले की त्याच फाइलवरचा नंबर लावला जातो. मोबाइल नंबर बोर्डावर आहे, पण तो गावापर्यंत पोचलेला नाही. त्यामुळे ‘लँडलाइन काढून टाका, आता कोण वापरतं’ हा सल्ला इथे लागू पडत नव्हता. मी ईपीएबीएक्स (बाहेरच्या लाइन आतल्या सगळ्या फोनांना वाटून देणारं यंत्र) आणि नेटवर्कची कामं करतो. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मॅडमची पहिली अट हीच होती: नंबर बदलायचा नाही.

तक्रार पावसाळ्यात सुरू झाली. ओपीडीत आलेली माणसं म्हणायची, ‘सकाळपासनं फोन लावलालोय, वाजतोय पण उचलत कुणी नाही की ओ.’ ताईंचं म्हणणं, मी जागची हललेसुद्धा नाही, फोन वाजलाच नाही. दोघंही खरं बोलत होते. एका रात्री मंद्रूपकडच्या एका कुटुंबाने पहाटेपर्यंत फोन लावला. कुणी उचलत नाही म्हटल्यावर ते दुसऱ्या दवाखान्यात गेले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण ही गोष्ट मॅडमच्या जिवाला लागली. मोठ्या डॉक्टरांच्या काळात रात्री दोनला आलेला फोनही तिसऱ्या रिंगला उचलला जायचा, असं त्या सांगतात. लोकांना आता वाटत होतं की दवाखाना रात्रीचे फोन उचलत नाही. दवाखान्याला लागणारा याहून वाईट डाग कोणता?

बेल वाजल्याचा आवाज ऐकू येतो आणि फोन वाजत नाही, असं कसं होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजकडून दोन तारांवर सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब सतत दिलेला असतो. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण होतं, काही मिलिअँपिअर करंट वाहतो आणि एक्स्चेंजला कळतं की माणूस फोनवर आला. कॉल आला की एक्स्चेंज त्याच तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी सोडतं, त्यावर बेल वाजते. पण फोन करणाऱ्याला जो ‘ट्रिंग-ट्रिंग’ ऐकू येतो, तो या बेलचा आवाज नसतोच. तो एक्स्चेंजने त्याला वेगळा ऐकवलेला टोन असतो. तार मधेच तुटली असेल तर एक्स्चेंज बिचारं तुटलेल्या टोकापर्यंत बेल पाठवत राहतं, करणाऱ्याला टोन ऐकवत राहतं, आणि इकडे टेबलावरचा फोन गप्प. उलट दोन तारांमध्ये पाणी शिरून गळती झाली की एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचलून ठेवलाय, मग लाइन कायम एंगेज. पहिला दोष जास्त घातक, कारण त्यात फोन करणाऱ्याला दोष दिसतच नाही. त्याला फक्त समोरच्याची बेपर्वाई दिसते.

आम्ही तपासलं. दवाखान्याच्या भिंतीवरच्या जोडपट्टीवर मीटर लावला तर कधी ४८ व्होल्ट स्वच्छ, कधी १०–१२, कधी शून्य. पाऊस थांबून ऊन पडलं की पुन्हा ४८. म्हणजे जॉइंट सैल झालेला आणि ओलाही. लाइनमन काका आले. कामाला पक्के, त्यांनी डीपी बॉक्सपासून (जिथून आसपासच्या घरांना तारा वाटल्या जातात) दवाखान्यापर्यंतची लीड बदलली, डीपीतल्या हिरव्या पडलेल्या स्क्रू-टोकांऐवजी तारांची दुसरी जोडी घेतली. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. दोष पिलर (एक्स्चेंजकडून आलेली मोठी केबल जिथे फुटते ती रस्त्याकडेची पेटी) आणि डीपी यांच्या मधे, रस्त्याखालच्या केबलमध्ये होता. तो रस्ता गेल्या काही वर्षांत कुणी ना कुणी सारखा खोदलेला. दर खोदकामात केबल तुटते, कुणीतरी जॉइंट मारतं, जॉइंटवर जॉइंट चढतो. काका म्हणाले, ‘या केबलात आता चांगली जोडी शोधायची म्हणजे दुसऱ्याचा फोन बंद पाडायचा.’ एवढा प्रामाणिक माणूस क्वचित भेटतो. जुने लाइनमन निवृत्त होत गेले की कुठली जोडी कुठून कुठे गेली आहे ही माहितीही त्यांच्याबरोबर जाते, कारण ती बरीचशी त्यांच्या डोक्यातच असते.

टेलिफोन कंपनीने पर्याय दिला: तोच नंबर फायबरवर घ्या. त्याच कंपनीत राहायचं असल्यामुळे नंबर टिकणार होता. कंपनी बदलली असती तर ते जमलं नसतं. मोबाइलचा नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीत जाता येतं, लँडलाइनला तशी सोय नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे. जोडणीपुरतं ते खरं होतं.

इथे एक गैरसमज बाजूला काढायला हवा. तांबं म्हणजे जुनं आणि फायबर म्हणजे डिजिटल, अशी सरळ वाटणी लोक करतात. एक्स्चेंज डिजिटल होऊन दशकं लोटली. सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था १९८४ साली स्थापन झाली, त्यांचं १२८ लाइनचं ग्रामीण डिजिटल एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला सुरू झालं, आणि पुढे गावोगावी तसली एक्स्चेंज बसली. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट: हे काम तेव्हापासून एक्स्चेंजमध्ये होतंच आहे. फायबरमुळे एवढं झालं की हे रूपांतर एक्स्चेंजमधून उठून दवाखान्याच्या रिसेप्शनमागच्या भिंतीवरच्या छोट्या डब्यात आलं. बाकी नवलाई फार नाही. पण ते काम जिथे आलं तिथे त्याबरोबरच्या जबाबदाऱ्याही आल्या, आणि त्या बिलात कुठेच लिहिलेल्या नसतात.

म्हणून जोडणी करण्याआधी मी एक दिवस मागून घेतला आणि त्या दोन तारांवर काय काय लटकलंय ते पाहिलं. मॅडमना वाटत होतं एक फोन. निघालं ते असं: दोन लाइन आत येतात, त्या ईपीएबीएक्सला जातात, त्यावरून थिएटर, लेबर रूम, प्रत्येक मजल्यावरची सिस्टरची खोली, औषधाचं दुकान आणि लिफ्टमधला फोन. पहिल्या लाइनवर मधूनच एक समांतर तार काढून वर मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत नेलेली. ती कुणालाच आठवत नव्हती, मोठ्या डॉक्टरांशिवाय. फॅक्स मशीनचं विमा कंपन्यांचं काम आता ईमेलवर होतं, ते काढून टाकलं. कार्ड स्वाइपचं मशीन सिमवर गेलेलं होतं. लिफ्टचा फोन हे एक्स्टेंशनच असल्यामुळे ईपीएबीएक्स चालू असेतो त्याला धोका नव्हता. त्या ईपीएबीएक्समध्ये एक चांगली सोय होती: वीज पूर्ण गेली तर एक रिले (विजेवर चालणारा स्विच) पडतो आणि पहिली बाहेरची लाइन थेट रिसेप्शनच्या फोनला जोडली जाते. एक्स्चेंजची ४८ व्होल्टची बॅटरी तो फोन चालवते. वर्षानुवर्षं सोलापूरच्या वळवाच्या पावसात लाइट गेली तरी या दवाखान्याचा फोन चालू राहिला, तो या रिलेमुळे आणि एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमुळे. दवाखान्यात कुणाला ते माहीत नव्हतं. माहीत असण्याची गरजच पडली नव्हती.

फायबरमधून वीज येत नाही. काचेतून प्रकाश येतो. हे वाक्य मी मॅडमना दोनदा सांगितलं आणि मगच पुढे गेलो.

जोडणीच्या दिवशी कंपनीच्या पोरांनी फायबर आणली, हिरव्या टोकाचा कनेक्टर बसवला, मीटरवर प्रकाशाची पातळी उणे २६ डीबीएम दाखवत होती (उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). या प्रकारच्या जोडणीत उणे २७ ही शेवटची हद्द समजतात. म्हणजे आज चालेल आणि उद्या जराशी धूळ बसली की लाल दिवा. मी थांबवलं. जिन्याच्या वळणावर केबल नव्वद अंशांत मोडून पट्टीत दाबली होती. काचेला असं वळण सोसत नाही, प्रकाश बाहेर गळतो. गोल वळसा देऊन पुन्हा बसवली, उणे २१ आलं. पोरं जरा नाराज झाली, पण त्यांनी केलं.

मग अडचणी एकेक पुढे आल्या. पहिली किरकोळ होती. येणारे कॉल येत होते, जाणारे लागत नव्हते. ईपीएबीएक्समध्ये बाहेरच्या लाइनचं डायलिंग कधीकाळी ‘पल्स’वर लावलेलं, गोल चकतीच्या फोनच्या काळातलं. जुनं एक्स्चेंज ते समजून घेत होतं, नवा डबा फक्त टोन समजतो. सेटिंग बदललं, झालं.

दुसरी अडचण खरी अडचण होती, आणि तिने सगळ्यांना छळलं. दोन-तीन कॉल झाले की लाइन एंगेज. कुणी बोलत नाही, रिसीव्हर जागेवर, तरी एंगेज. बाहेरून फोन करणाऱ्याला तेच जुनं दुखणं, फक्त आता रिंगऐवजी एंगेज टोन. पोरांनी डबा बदलला, कॉर्ड बदलली, शेवटी ईपीएबीएक्स खराब आहे, नवं घ्या म्हणाले. नवं घेऊनही हेच झालं असतं.

कारण असं. ईपीएबीएक्सला कॉल संपला हे कसं कळतं? माणसाने एक्स्टेंशनचा रिसीव्हर ठेवला तर कळतं. पण बाहेरचा माणूस आधी फोन ठेवतो, आणि कॉल जर होल्डवर असेल किंवा दुसरीकडे वळवताना अर्धवट राहिला असेल, तर आत रिसीव्हर ठेवणारं कुणी नसतं. तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंज अशा वेळी दोन तारांची ध्रुवता उलटवायचं, म्हणजे अधिक-उणे अदलाबदल, आणि त्या खुणेवर ईपीएबीएक्स लाइन सोडायचं. नवा डबा ही खूण देतच नव्हता. तो नुसता एंगेज टोन ऐकवत बसायचा, ईपीएबीएक्स तो टोन ऐकत बसायचं, आणि दोघं एकमेकांची वाट बघत लाइन अडवून ठेवायचे.

उपाय दोन. डब्याच्या सेटिंगमध्ये ध्रुवता उलटवण्याची सोय असते, ती कंपनीकडून चालू करून घ्यायची. त्यासाठी फोनवर बराच काळ घालवावा लागला, कारण तक्रार घेणाऱ्याच्या यादीत ‘नेट चालू आहे का’ याच्यापुढचा प्रश्न नव्हता. दुसरा उपाय आपल्या हातातला: ईपीएबीएक्सला एंगेज टोन ओळखायला शिकवायचं. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद असा असतो. जुन्या मशीनमध्ये हा ठेका आकड्यांनी भरता येतो. तो भरला, मोबाइलवरून कॉल करून, होल्डवर टाकून, मोबाइल बंद करून पाहिलं. काही सेकंदांत लाइन सुटली. पुन्हा केलं, पुन्हा सुटली. पुढे कंपनीनेही त्यांचं सेटिंग चालू केलं, पण मी ठेक्याचं सेटिंग तसंच ठेवलं आहे. डबा कधी बदलला तर नव्या डब्यात ती खूण पुन्हा बंद असेल.

बोलताना स्वतःचा आवाज परत येतो, अशीही तक्रार होती. दोन तारांच्या जोडणीत थोडा आवाज परत फिरतोच. तांब्यावर तो इतका लवकर येतो की कानाला वेगळा कळत नाही. इंटरनेटच्या पद्धतीने जाणाऱ्या आवाजाचे तुकडे बांधायला-सोडायला वेळ लागतो, तेवढ्याने तो वेगळा ऐकू येतो. पोर्टचा आवाज थोडा कमी केल्यावर मिटलं.

१०८ ची गोष्ट मात्र मी सहज सोडली नाही. लेबर रूममधून १०८ लावून पाहिलं तर शेवटचा आकडा दाबल्यावर चार-पाच सेकंद काहीच नाही, मग रिंग. डबा पुढच्या आकड्यांची वाट बघत होता. त्याला कळत नव्हतं की १०८ हा पूर्ण नंबर आहे. घाबरलेला माणूस चार सेकंदांत फोन ठेवून पुन्हा लावतो. कोणते नंबर किती आकडी हे डब्याला एका नकाशात सांगता येतं. तो दुरुस्त करून घेतला. त्याच वेळी सिस्टर लोकांसाठी एक चिठ्ठी लावली, कारण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लागतो आणि ईपीएबीएक्समधून बाहेर पडायलाही ० लागतो. म्हणजे मोबाइलला दोन शून्यं, १०८ ला एक. रात्रपाळीला नवी आलेली मुलगी यातच अडकते.

राहिली वीज. दवाखान्याला जनरेटर आहे, वीस सेकंदांत चालू होतो, मग काय अडचण, असं मॅडमचं म्हणणं. अडचण वीस सेकंदांचीच. तेवढ्यात डबा बंद पडतो, आणि पुन्हा उठून, प्रकाश धरून, कंपनीच्या सर्व्हरवर आपली नोंद करून डायल टोन द्यायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, एसी-कूलरच्या लोडने दिवसातून अनेकदा लाइट ये-जा करते. दर वेळी तीन मिनिटं फोन मेला, तर जनरेटरचा उपयोग काय? डब्याला १२ व्होल्ट लागतात, वीजही अगदी थोडी लागते. तेवढ्यासाठी १२ व्होल्टचा छोटा लिथियम यूपीएस मिळतो, दोन हजारांच्या आत. तो बसवला. ईपीएबीएक्सच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या, त्या बदलल्या. हे दोन खर्च कुणीही कोटेशनमध्ये धरत नाही, आणि माझ्या मते तेच सगळ्यात आधी धरायला हवेत.

ब्रिटनमध्ये हाच धडा मोठ्या किमतीला मिळाला. तिथे तांब्याचं जुनं फोन जाळं २०२५ अखेर बंद करायचं ठरलं होतं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणं या लाइनवर चालायची. डिजिटलवर नेल्यावर काहींची बटणं चाललीच नाहीत. मग मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलली गेली. आपल्याकडे असा एक दिवस ठरवून बदल होत नाही. जोडी मेली की ज्याचं त्याने फायबरवर जायचं. त्यामुळे लाइनवर काय लटकलंय हे बघायचं कामही ज्याचं त्यालाच करावं लागतं.

एवढं ऐकून वाटेल, तांबंच बरं होतं. मला तसं वाटत नाही, आणि कारण मंद्रूपच्या त्या फोनमध्येच आहे. तांब्यावर नंबर त्या दोन तारांना बांधलेला असतो. तार तुटली तरी एक्स्चेंजला पत्ता नसतो. डिजिटलमध्ये नंबर सर्व्हरवर राहतो आणि दवाखान्याचा डबा ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं कळवत असतो. डब्याकडून कळवणं बंद झालं की सर्व्हरला समजतं, आणि कॉल दुसरीकडे वळवता येतो. आम्ही कंपनीकडून तेच लावून घेतलं: डबा पोचेनासा झाला की कॉल रिसेप्शनच्या मोबाइलवर. आता फायबर तुटली, डबा जळाला, काहीही झालं तरी जुन्या फाइलवरचा नंबर कुठेतरी वाजतो. हा फायदा एवढा मोठा आहे की त्यापुढे बाकी सगळी कटकट मी सोसायला तयार आहे. पण ही सोय आपणहून कुणी चालू करून देत नाही, मागावी लागते.

दुसरी तांब्याची लाइन मॅडमनी परत केली आणि तिच्या जागी ईपीएबीएक्सला सिमवर चालणारा डबा जोडला. फायबर गेली तर बाहेर फोन लावायला तो आहे. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतली समांतर तार काढून तिथे एक्स्टेंशन दिलं. त्यांना रिसीव्हर उचलल्याबरोबर बाहेरचा डायल टोन हवा होता, ० दाबायचं मान्य नव्हतं. त्या एका एक्स्टेंशनला थेट लाइन मिळेल असं सेटिंग केलं. नव्वदीच्या माणसाला नवी सवय लावण्यापेक्षा मशीनला लावलेली बरी.

पुढच्या वळवात परीक्षा झालीच. वादळात झाड पडून त्या भागातली लाइट रात्रभर गेली. दवाखान्याचा डबा यूपीएसवर आणि मग जनरेटरवर चालू होता, पण पहाटे फायबर मेली. लाल दिवा. एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, पण ज्या यंत्रातून ही फायबर निघते ते दोन चौक पलीकडे एका इमारतीत आहे आणि त्याची बॅटरी संपली होती. कॉल मोबाइलवर वळले, ताईंनी घेतले. चार्जर लावलेला होता, कारण ती सूचना चिठ्ठीवर आहे. सकाळी लाइट आल्यावर सगळं आपोआप जागेवर आलं.

त्या यंत्राची बॅटरी किती तास चालते आणि ती कोण तपासतं, हे आम्ही लेखी विचारलं आहे. तोंडी उत्तर मिळालं की चार तास. लेखी अजून आलेलं नाही. मॅडमनी पुढच्या वर्षाचा प्लॅन भरण्याआधी ते कागदावर मागितलं आहे, आणि रिसेप्शनच्या मोबाइलला पाळी बदलताना सही करून ताब्यात घ्यायची वही सुरू केली आहे.